तामलवाडीला राहिलेला फोटो

धाराशिव जिल्ह्यात जाऊन आले म्हटलं की आमच्या देवरुखात पुढचा प्रश्न ठरलेला असतो, तुळजाभवानीचं दर्शन कसं झालं? दर्शन छान झालं. गर्दी होती, पण देवीसमोर हात जोडायला मिळाले, ओटीही भरली. मात्र ज्यासाठी लिहायला बसले आहे ते देवळातलं नाही. मी सुनेबरोबर तिच्या माहेरी गेले होते आणि परत येताना तामलवाडी नावाच्या गावी एका शेतात जेवले. त्या दुपारची हकिगत सांगायची आहे, आणि ती सांगायची तर आधी माझ्या सुनेबद्दल सांगायला हवं.

मनीषा फोटोग्राफर आहे. लग्नाचे नाही, डोंगरदऱ्यांचे नाही, माणसांच्या चेहऱ्यांचे फोटो काढते. मुंबईला, दिल्लीला, परदेशात तिच्या फोटोंची प्रदर्शनं झाली, बक्षिसं मिळाली, पेपरात मोठमोठे लेख आले. भाजी घेताना कुणी ओळखीचं भेटून म्हणालं, "सूनबाईंचं वाचलं हो," तर मी पिशवी खाली ठेवते आणि सगळं ऐकून घेते. घाई असली तरी.

मी पोस्टात नोकरी केली. बचत खात्याच्या कागदांवर चिकटवलेले फोटो आयुष्यभर पाहिले. मान ताठ, ओठ मिटलेले, डोळे घाबरलेले. बाई असो की बाप्या, सगळे एकाच घरचे वाटायचे. मनीषाच्या फोटोतली माणसं तशी नसतात. त्यांना कुणीतरी काहीतरी विचारलं आहे आणि ती उत्तराचा विचार करताहेत, असं वाटतं. फोटोकलेतलं मला एवढंच कळतं, पण एवढं नक्की कळतं.

तिचं पुस्तक निघायचं होतं. त्याआधी आपल्या जिल्ह्यात ज्यांचे फोटो काढले त्यांच्या हातात एकेक मोठी प्रत स्वतः नेऊन द्यायची, असं तिनं ठरवलं. ईट हे तिचं गाव, तिथे सत्कारही होता. माझा मुलगा कॉलेजात शिकवतो, त्याला सुट्टी मिळेना. मी म्हटलं, मी येते. लग्न पुण्यात झालेलं, व्याही-विहीण तिकडेच आलेले, त्यामुळे सुनेचं माहेर मी पाहिलंच नव्हतं. डिसेंबरातली थंडी होती. गाडी मनीषा चालवणार आणि शेजारी मी, असा आमचा दोघींचा प्रवास सुरू झाला.

ईटकडे

आमच्याकडे रस्ता वळला की डोंगर, डोंगर संपला की वाडी, वाडी संपली की पऱ्ह्या, म्हणजे ओढा. सोलापूर मागे पडल्यावर डोळ्यांना अडवणारं काही राहिलंच नाही. काळी जमीन, कमरेपर्यंत आलेली ज्वारी, मध्येच पिवळी पडत चाललेली तूर, आणि वर एवढं आभाळ की मला थोडं उघड्यावर बसल्यासारखं झालं.

मनीषा प्रत्येक गावाचं काही ना काही सांगत होती. इथला बाजार मोठा, इथे आत्या दिली आहे, इथली चिंच गोड. तामलवाडीची पाटी आली तशी ती गप्प झाली. मी विचारलं, इथेही एक फोटो द्यायचा आहे ना? ती म्हणाली, "येताना." आणि गाडी सरळ पुढे काढली. तुळजापूरला दर्शन घेतलं. धाराशिव शहरात तिनं मला गुलाबजाम खाऊ घातले, इथले प्रसिद्ध आहेत म्हणून. मी मोजून खाणार होते, ते जमलं नाही.

ईट

विहीणबाई दारात भाकरतुकडा आणि तांब्या घेऊन उभ्या होत्या. भाकरीचा तुकडा उतरवून टाकला, पायावर पाणी घातलं आणि मग मला अशी मिठी मारली की माझा चष्मा निघाला. चष्म्याची एक काडी वाकली ती घरी येईपर्यंत वाकडीच राहिली, म्हणून या प्रवासातल्या प्रत्येक फोटोत मी जरा तिरकी दिसते.

व्याह्यांची शेती थोडी आहे, पण घराचा खरा व्यवसाय शेरडं-मेंढरं राखण्याचा. शेरडं म्हणजे शेळ्या. इथल्या शेळ्या काळ्याभोर, उंच, लांब कानांच्या. एकीकडे पाहून दुसरीकडे पाहिलं तर मला काही फरक कळेना. रात्री येसरची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, झणझणीत आमटी, ज्वारीची भाकरी, आणि शेंगदाण्याच्या चटणीवर करडईचं कच्चं तेल. आम्ही तांदळाच्या भाकरीची माणसं; ज्वारीची भाकरी एवढी मोठी आणि एवढी पातळ कशी होते ते पाहायला मी चुलीपुढे जाऊन बसले. विहीणबाई मला थापू देईनात. पाहुण्यांनी पीठ मळलं तर गाव काय म्हणेल, असं त्यांचं म्हणणं. शेवटी एक थापली. ती तव्यावर टाकताना मोडली, आणि तीच मी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात सत्कार झाला. शाल, नारळ, भाषणं, आणि इथल्या भूम तालुक्याचा प्रसिद्ध खव्याचा पेढा, जो मी तीनदा घेतला. पण खरा कार्यक्रम नंतर झाला. मनीषा घराघरांत जाऊन फोटो देत होती आणि मी मागे मागे होते. प्रत्येक घरात ती आधी बसायची, चहा घ्यायची, मगच पाकीट उघडायची. एक म्हातारे गृहस्थ आपला फोटो हातभर लांब धरून बराच वेळ पाहत बसले आणि मग म्हणाले की बाकी सगळं बरोबर आहे, पण माझा फेटा गुलाबी आहे आणि इथे तो काळा आलाय. मनीषाचे फोटो काळेपांढरे असतात. तिनं त्यांना समजावून पाहिलं. त्यांना पटलं नाही. मग त्यांच्या बायकोनं आतून सांगितलं की गुलाबी फेट्याकडे बघता बघता लोकांचं तोंडाकडे लक्ष जात नसे, आता जाईल. त्यावर म्हातारबा खूश झाले.

संध्याकाळी कळप घरी आला. व्याही अंगणात बाजेवर बसले होते. मी त्यांना म्हटलं की तुमच्या लेकीनं आमच्या घराचं नाव काढलं. ते फार बोलणारे नाहीत. गोठ्याकडे बघत म्हणाले, "पोरगी ल्हान असताना शेरडं वळायला माझ्यासंगं यायची. कळपात दुसऱ्याचं शेरडू मिसळलं तर लांबूनच सांगायची. समद्यांची तोंडं पाठ. आता माणसांची तोंडं काढती." आणि मग, "म्या पेपरातलं समदं कापून ठिवलंय. वाचता येत न्हाय, पर ठिवलंय."

मला त्या क्षणी वाटलं, माझ्या अभिमानाच्या आधीपासून इथे एक अभिमान बसलेला आहे, आणि तो माझ्यापेक्षा मोठा आहे.

येडशी

परतताना येडशीला थांबलो. रामलिंगाचं देऊळ खाली दरीत आहे, भोवती अभयारण्य. इतक्या उघड्या मुलखातून येऊन एकदम सावलीत उतरलो तेव्हा मला घराजवळ आल्यासारखं वाटलं. दर्शन घेऊन पायऱ्यांवर टेकलो, तर एका माकडानं माझ्या मांडीवरची पेढ्यांची पिशवी उचलली. विहीणबाईंनी देवरुखसाठी बांधून दिलेले सगळे पेढे गेले. माकड समोरच्या फांदीवर बसून एकेक खात होतं आणि मनीषा हसता हसता रडायला लागली. आधी मला वाटलं हसूनच डोळ्यांत पाणी आलं. मग कळलं की तसं नाही.

तिथेच तिनं मला तामलवाडीचं सांगितलं.

तिचा सगळ्यात गाजलेला फोटो तामलवाडीच्या एका म्हाताऱ्या बाईंचा आहे. मी त्यांना इथे भामाबाई म्हणते. खरं नाव वेगळं आहे. दुष्काळाच्या एका उन्हाळ्यात, रस्त्याकडेच्या हौदाजवळ मनीषानं तो काढला होता. विचारून काढला, बाईंनी होही म्हटलं होतं. पुढे तो एका मासिकाच्या मुखपृष्ठावर आला, प्रदर्शनांतून फिरला, आणि आता पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तोच येणार होता. पुस्तकाची सगळी मांडणीच त्याच्याभोवती झाली होती. आम्ही देवरुखहून निघायच्या काही दिवस आधी भामाबाईंच्या मुलाचा, बालाजीचा, फोन आला होता. तो सोलापुरात नोकरी करतो. कार्यालयात कुणीतरी मोबाईलवर तो फोटो दाखवला होता. बालाजी रागावून ओरडला वगैरे नव्हता. त्यानं एवढंच विचारलं होतं, की आमच्या आईचा फोटो जगानं पाहिला, आम्हाला तो दुसऱ्याच्या मोबाईलवर का बघावा लागला?

"उद्या जाऊ या, आई," मनीषा म्हणाली. "त्यांनी फोटो छापायला नको म्हटलं तर काय करायचं, ते मी ठरवलंय. पण त्यांनी नको म्हणू नये असंही वाटतंय."

तामलवाडी

वाटेत मुक्काम करून दुसऱ्या दिवशी तामलवाडीत शिरलो तर गाव रिकामं. दारं बंद, पारावर कुणी नाही. मला वाटलं काही वाईट झालं. मनीषानं कपाळावर हात मारला. येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, हे तिच्या ध्यानातून गेलं होतं. त्या दिवशी या भागातली घरंच्या घरं शेतात जाऊन जेवतात. आमच्याकडे असा सण नाही. तिनं फोन केला तेव्हा बालाजी मोटारसायकलवर घ्यायला आला. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, चेहरा बंद. गाडी इथंच लावा, एवढंच बोलला, आणि बांधाबांधानं पुढे चालू लागला.

शेतात ज्वारीच्या कडब्याची एक छोटी खोप उभी केली होती, तिच्यावर नवीन शाल. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, पाच पांडव म्हणून मांडलेले, पुढे नैवेद्य. बालाजीचा चुलतभाऊ मडक्यातली आंबील उभ्या पिकावर शिंपडत शेताला फेरी मारत होता आणि काहीतरी पुकारत होता. शब्द मला कळले नाहीत; मनीषा म्हणाली, कानडीतून आलेले आहेत, इथेही फार जणांना कळत नाहीत, पण म्हणायचे असतात. खोपीच्या बाजूला घोंगडीवर भामाबाई बसल्या होत्या. बारीक, ताठ, हिरव्या नऊवारीत. त्यांनी मनीषाला ओळखलं. "ये," म्हणाल्या. मला हातानं जागा दाखवली.

मनीषा लगेच बोलायला लागली तेव्हा बालाजीनं तिला थांबवलं. म्हणाला, आज बांधावर आलेल्या माणसाला आधी जेवू घालायचं असतं, बोलायचं ते नंतर. रागावलेल्या माणसानं इतक्या रीतीनं वाढलेलं जेवण मी आजवर जेवले नव्हते. भज्जी नावाची भाजी असते, ओली तूर, वाल, हरभरा, शेंगदाणे, पालेभाज्या सगळं एकत्र शिजवून चिंचेच्या आंबटात. तिच्याबरोबर बाजरीचे उंडे, म्हणजे वाफवलेले गोळे, खीर, आणि प्यायला मडक्यातली गार आंबील, ताकात ज्वारीचं पीठ शिजवून लसूण-जिरं घातलेली. सोलकढी हेच जगातलं सगळ्यात चांगलं पेय, असं माझं मत होतं, ते त्या दिवशी थोडं हललं. पण मनीषाच्या पानातला उंडा तसाच होता आणि भामाबाई तिला पुन्हा पुन्हा भज्जी वाढत होत्या.

हात धुतल्यावर बालाजी बोलला. मांडी घालून, आवाज न चढवता. म्हणाला की मी एवढी वर्षं नोकरी करतो, आईला काही कमी पडू देत नाही. त्या फोटोत तिचं पोलकं खांद्यावर फाटलेलं दिसतं. कार्यालयातल्या माणसानं मला विचारलं, आईला कपडे घेत नाही का? मी काय सांगायचं?

मनीषानं पाकिटातून फोटो काढला आणि आधी भामाबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो नातवंडांच्या मोबाईलवर बोटभर पाहिला होता. एवढा मोठा नव्हता पाहिला. पदराला हात पुसून त्यांनी तो मांडीवर घेतला. किती वेळ पाहत होत्या मला सांगता येणार नाही. पलीकडे मुलांचा दंगा चालला होता, तो कमी झाला आणि पुन्हा वाढला.

"त्याच दिवसाचा हाय ह्यो," त्या म्हणाल्या. "चारा न्हवता, पाणी न्हवतं. सकाळी समदी शेरडं टेम्पोत घातली. एक चढंना, तिला म्याच ढकललं. मंग हौदापाशी येऊन बसले. तवा ही पोरगी आली. फोटू काढू का म्हणली. म्या म्हणलं, काढ."

मनीषा हळूच म्हणाली की शेरडांचं मला माहीत नव्हतं. मला वाटलं, तुम्ही दमलाय.

"तुला कसं ठावं असंल? म्या कुणालाच सांगितलं न्हाय." मग त्यांनी मुलाकडे पाहिलं. "पोलक्याचं मला काय न्हाय, बाळ्या. त्या साली समद्यांचंच फाटकं हुतं. पर हे तोंड म्या तुलाबी दावलं न्हवतं. घरला यायच्या आधी पदरानं पुसून आले हुते."

बालाजीला कपड्याची लाज वाटत होती, आणि आई सांगत होती ते वेगळंच होतं. तो म्हणाला की शेरडं काकानं विकली असं मला सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "व्हय. तसंच सांगा म्हणलं हुतं."

मग त्यांनी मनीषाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"लई खरा काढलास, पोरी. म्हणून म्हणती, आता लोकास्नी दावू नको."

मी मनीषाकडे पाहू शकले नाही. तो फोटो म्हणजे तिच्यासाठी काय होता ते मला माहीत होतं. पुस्तक छापखान्याच्या दारात उभं होतं. ती एखादा शब्द बोलली असती, फोटोचं महत्त्व सांगितलं असतं, नाव छापते म्हणाली असती, तर त्या माउलीनं कदाचित हो म्हटलं असतं. मनीषा म्हणाली, "न्हाय दावणार, आजी." इतकंच. मग खरं तेही सांगून टाकलं, की जो मोबाईलवर आणि मासिकात जाऊन बसलाय तो मला परत आणता येणार नाही, पण माझ्या हातून आता कुठे लागणार नाही, कुठे छापणार नाही. आणि ही प्रत काय करू, असं विचारलं.

"ही माझ्यापाशी ऱ्हाऊ दे," भामाबाई म्हणाल्या. फोटो पुन्हा पाकिटात घातला आणि पाकीट घोंगडीखाली सारलं.

पुढचा तास मी माझ्या सुनेला तिचं काम करताना पाहिलं. बालाजीच विचारायला आला, आधी दोनदा घसा खाकरून. सगळेजण आलेच आहेत, तर घरच्यांचा एक फोटो काढाल का? जगभर नावाजलेल्या बाईला खोपीपुढे उभं राहून कुटुंबाचा फोटो काढायला सांगणं, यात त्याला संकोच वाटत होता. तिला वाटला नाही. तिनं भामाबाईंना विचारलं, कुठं बसायचं? त्या म्हणाल्या, शेरडांसंगं. आता त्यांच्याकडे पुन्हा शेरडं आहेत. बालाजी म्हणाला, फोटोत शेरडं कशाला? त्यावर भामाबाई फोटोलाच बसायला तयार होईनात. शेवटी शेरडं आली, त्यांतल्या एकीनं खोपीचा कडबा ओढून खाल्ला, घरच्या सुना हसायला लागल्या. मनीषानं कुणालाही सरळ उभं राहा म्हटलं नाही. ती नुसती बोलत होती, भज्जीत चिंच कुणी घातली, उंडे कुणी वळले. बोलता बोलता कॅमेरा कधी डोळ्याला लागायचा ते कळत नव्हतं. घाबरलेला एकही डोळा त्या फोटोत नाही. तो आता त्यांच्या बैठकीच्या खोलीत लागला आहे. बालाजीनं भिंतीचा फोटो काढून पाठवला.

निघताना भामाबाईंनी मला कुंकू लावलं आणि विचारलं, "लेक का तुमची?"

"सून," मी म्हटलं.

"चांगलं शिकिवलंय."

मी सांगितलं की शिकवणारी माणसं ईटला आहेत, मी फक्त मिरवणारी. त्या हसल्या. मग मी विचारलं की मला थोडं लिहायची सवय आहे, आजचं लिहिलं तर चालेल का? त्या म्हणाल्या, "आजचं लिव्हा. शेरडांचंबी लिव्हा. त्या फोटूतलं तोंड तेवढं नको."

सोलापूर

शहर लागायच्या आधी मनीषानं गाडी कडेला घेतली आणि प्रकाशकांना फोन लावला. पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं. मांडणी झाली आहे, हाच फोटो लोकांना माहीत आहे, असं काहीतरी असावं. तिनं सगळं ऐकून घेतलं. "त्या नको म्हणाल्या," ती म्हणाली. पुन्हा पलीकडून काहीतरी. "नाही. वेगळं कारण नाही. एवढंच आहे." मग फोन ठेवून थोडं पाणी प्यायली.

मी माझ्या नोकरीत, संसारात पुष्कळ मोठी माणसं पाहिली. आपली सगळ्यात चांगली वस्तू, जिच्यामुळे आपलं नाव झालं ती, एका शब्दावर अशी परत करणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. ते माझ्या घरात राहतं. मी तसं तिला सांगणार होते, पण नीट शब्द जुळेनात.

गाडी सुरू करायच्या आधी ती म्हणाली, "आई, आत्ता तो एकदा बघावासा वाटतोय हो."

"मला पाठ आहे तो," मी म्हटलं. "सांगू?"

तिनं मान डोलावली. मग सोलापूर ओलांडेपर्यंत मी तिला तिचाच फोटो सांगत होते, कपाळापासून हनुवटीपर्यंत, एकही रेघ न वगळता, आणि ती रस्त्याकडे बघत ऐकत होती. काय सांगितलं ते इथे लिहीत नाही. भामाबाई नको म्हणाल्या आहेत.